मोहाखालचे पाच गोल

आपाच्या पाच झाडांपैकी चार झाडांखाली राख झाली होती. पाचव्या झाडाखाली गावातले मुखरूभाऊ काडीपेटी घेऊन वाकले होते आणि मी सायकल तिथेच टाकून ओरडत पळत सुटले होते. नववीतल्या मुलीनं एवढ्या मोठ्या माणसावर असं ओरडू नये, माहीत आहे मला. पण काडी पेटायच्या आत पोचायचं होतं ना!

"थांबा, भाऊ! जाळू नका! ते झाड आमचं आहे!"

मुखरूभाऊ सरळ झाले. "आयकलं का वो?" त्यांनी पलीकडे मोहा वेचणाऱ्या बायांना हाक मारली. "जलालुद्दीन शेटची पोरगी का म्हणते, झाड तिचं आहे!"

मागून आपा धापा टाकत आली. चार काळे गोल बघून ती खाली बसून राख चाचपायला लागली. मला तिचं हेच आवडत नाही. अशा वेळी बोलायचं असतं!

आपा म्हणजे माझी मोठी बहीण आयशा. नागपूरला एमएस्सी करते, पर्यावरणशास्त्र, शेवटचं वर्ष. अख्ख्या जगाचं हवामान बदलतंय आणि सरकारांनी त्यावर काय धोरण घ्यावं, असला तिचा विषय. त्यातला तिच्या वाट्याला आलेला तुकडा होता आमच्या धानोऱ्याच्या जंगलातला. मोहाची फुलं नीट वेचता यावीत म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. त्यानं मातीतला किती कार्बन हवेत जातो, हे तिला मोजायचं होतं. जळलेली माती हवी तेवढी होती. न जळलेली कुठेच उरत नव्हती. म्हणून आम्ही गावाबाहेरची पाच झाडं धरली आणि दुसऱ्यांची आग आत येऊ नये म्हणून प्रत्येकाभोवती खराट्यानं झाडून गोल काढला. फुलं पडायची संपली की माती काढायची, एप्रिलअखेर प्रबंध द्यायचा. नाही दिला तर वर्ष गेलं. आणि अब्बांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "दोन साल पढ ले बेटा, तिसरं मले झेपणार नाई." अब्बा बोलले की बोलले.

"काऊन जाळलं?" मी विचारलं. जानेवारीत गडचिरोलीला वक्तृत्वात माझा दुसरा नंबर आला, तेव्हापासून माझा आवाज लांबवर जातो.

"तुमी काऊन गोल काढला?" मुखरूभाऊंचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. "तुमचे अब्बा आमचा मोहा इकत घेते, ठीक आहे. आता झाडंच घेता का?"

मला कळेना. तेवढ्यात रुखमाबाई आल्या. या गावात रुखमाबाईंचा शब्द चालतो, मुखरूभाऊसुद्धा त्यांच्यापुढे आवाज कमी करतात. त्यांनी आमच्या गोलावरून पाय फिरवला.

"बाई, रानातल्या मोह्याले नाव नसते," त्या आपाला म्हणाल्या. "जो पयले झाडून गोल काढते, त्या सालचा मोहा त्याचा. तुमी पाच काढले. पाच! आमच्या या सुकरीच्या घरी दोन झाडं नाई."

आपा घाईघाईनं पुढे झाली. "आम्हाला फुलं नकोत. एक पण नको. फक्त माती हवी."

"माती?" मुखरूभाऊ हसले. "मातीचं का करते? अब्बा आता माती बी इकते का?"

बाया खो-खो हसल्या. माझे कान तापले.

मग आपानं समजावलं. कार्बन, हवा, तापमान, सगळं. बरं समजावलं तिनं. रुखमाबाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं. "अन हे मोजून झालं की कोणाले सांगसान?"

"कॉलेजला. मग... सरकारला सुद्धा. म्हणजे धोरणासाठी."

"मंग सरकार आमाले म्हणन, जाळू नोका?"

मी आपाकडे बघितलं. नुसतं 'नाही' म्हण ना! इतकं सोपं होतं! पण आपा खोटं बोलत नाही, हा तिचा जुना आजार आहे.

"शेवटच्या प्रकरणात मी तसंच लिहिलंय," ती म्हणाली. "बंदी करावी, असं."

झालं. आता पाचवं पण गेलं, मला वाटलं. मुखरूभाऊंनी काडीपेटी पुन्हा काढलीच होती. रुखमाबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू दे. हे झाड नाई जाळत. पण याची फुलं या दोघी येचतीन. पाल्यातून. फुलं सुकरीची."

"एका झाडानं नाही होत," आपा म्हणाली. "कॉलेजचे सर एका झाडाचं धरणारच नाहीत. नाल्याकडची चार अजून जळली नाहीत, ती..."

"पयले हे येच. मंग माग."

आणि काय सांगू! मोहाचं फूल टपकन पडतं आणि पाल्याखाली सरकतं. दव पडलेला पाला बोटांना चिकटतो, खाली काटे, मुंग्या, आणि फूल म्हणून उचललं तर निम्म्या वेळा वाळकी पाकळी. जळलेल्या जागेवर बाया चटाचटा उचलत होत्या. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून एकेक पान उलटत होतो.

"बाई, चष्मा पुसून घे!" सुकरी तिकडून ओरडली. "नाईतर मुंग्याच घेऊन जातीन!"

"रुखमाबाई, जुनी लुगडी पसरवायची ना झाडाखाली!" मी म्हटलं. मला ही कल्पना भारी वाटली होती. "मग जाळायलाच नको!"

"एवढ्या झाडाईले लुगडी पसरवली त अंगावर का घालू? तुया अब्बाचे पोते?"

ऊन वर आलं. बायांच्या टोपल्या भरून घरी गेल्या. आमच्या टोपलीचा तळसुद्धा नीट झाकला नव्हता.

"जाळणं वाईटच आहे, शाजू," आपा पुटपुटली. हात चिरलेले, ओढणीला काटे. "माती खरंच मरते. ते मी खोडणार नाही."

"मग?"

"पण बंदी लिहिली तर हे असं वेचणार कोण? सरांनी हे विचारलंच नाही. मीही नाही." तिनं टोपलीत बघितलं. "ते प्रकरण पुन्हा लिहायला लागेल. एप्रिलअखेर, शाजू!"

मला इतका राग आला! चार झाडं जळली, पाचव्यानं हात फोडले, आणि ही आता लिहिलेलं पण पुसायला निघाली!

रुखमाबाई परत आल्या. टोपलीत डोकावल्या, हसल्या नाहीत.

"नाल्याकडची चार नाई जाळत," त्या म्हणाल्या. "ज्याची आहे त्याले मी सांगीन. पण फुलं सरेपर्यंत रोज तुमीच येचायची. अन सकाळी उन्हाच्या पयले, नाईतर ढोरं खाते."

रोज! पाच झाडं! माझी वार्षिक परीक्षा पुढच्या आठवड्यात! मी तोंड उघडलं.

"हो," आपा म्हणाली. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

मी टोपली जमिनीवर आपटली. ती कलंडली आणि सगळी फुलं पुन्हा पाल्यात गेली.

"येच आता," रुखमाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.