कुणाचाच नसलेला सांधा

मी घण बोलतोय. जरा लांब उभे राहा, हळू बोलायची मला सवय नाही.

कुर्डुवाडीच्या एका लोहारानं रेल्वेच्या भंगारातला लोखंडाचा जाड तुकडा भट्टीत लालबुंद केला, ऐरणीवर ठेवला आणि बडवून बडवून त्यातून माझं डोकं काढलं. जन्मतानाच एवढा मार खाल्ला, मग पुढं आयुष्यभर दुसऱ्याला मार देत राहिलो तर माझं काय चुकलं? बाभळीचा दांडा बसला आणि सोलापूरच्या हुसेनसाब प्लंबरनं मला एकदा हवेत फिरवून बघितलं, खांद्यावर टाकलं. तेव्हापासून मी त्याचा.

हुसेनसाब जुन्या घरांचे सांडपाण्याचे पाईप बदलतो. बदलायचं म्हणजे आधी फोडायचं. नवा पाईप बसत असला की घरातली माणसं कौतुकानं भोवती उभी राहतात, चहा विचारतात. फोडताना मात्र नाकाला पदर लावून आत पळतात आणि दार लावून घेतात. माझी सगळी कर्तबगारी त्या बंद दाराबाहेरची. तरी खरं सांगतो, मला फोडायला आवडतं.

दुकानात गेलात तर दुकानदार प्रत्येक पाईपाचे गुणच सांगेल. पाईपाचा खरा स्वभाव घाव बसल्यावर कळतो, तेव्हा मला विचारा. जमिनीखाली असतो तो चिनी मातीचा, तपकिरी, चकाकणारा. साबण, तेजाब, कशानं म्हणून तो झिजत नाही. पण सांध्यात झाडाचं मूळ शिरलं की मुकाट्यानं सहन करतो आणि माझा एक फटका बसला की खळ्ळकन ठिकऱ्या होतात. सिमेंटचा पाईप नुसता दिसायला धडधाकट. आतला गॅस त्याची वरची बाजू खाऊन टाकतो. त्याच्यावर घाव घातला की आवाजसुद्धा नीट येत नाही, भसकन भुगा पडतो.

बिडाचा पाईप म्हणजे माझ्या लोखंडी घराण्यातला. त्याला मी मानतो. पहिले घाव तो सरळ परतवतो, हुसेनसाबच्या कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. वाकायचं त्याला माहीतच नाही. मग एकाएकी उभा चिरतो आणि कपच्या सुऱ्यांसारख्या उडतात. हुसेनसाबची डावी भुवई अशाच एका कपचीनं दोन ठिकाणी तुटलेली आहे. दोष एवढाच की तो आतून गंजतो, खरखरीत होतो आणि मग घाण धरून ठेवतो.

आणि ते प्लास्टिक, पीव्हीसी. त्याच्यावर पडायची मला शरम वाटते. मारलं की दबतं, उडी मारतं, फार झालं तर तडकतं. पण नावडत्याचेही गुण सांगायला हवेत. गंजत नाही, आतून गुळगुळीत असतं, आणि एक माणूस ते खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर चढतो. फक्त उन्हात फुगतं, गारव्यात आखडतं, आणि उकळतं पाणी ओतलं की मान टाकतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे अक्कलकोट रस्त्याजवळच्या गल्लीतलं दोन भावांचं घर.

थोरला आबासाहेब, धाकटा युवराज. मूळचे मोहोळकडचे, बापानं इथं कारखान्यात राबून दोन मजले चढवलेले. बाप गेल्यावर वाटणी झाली ती स्लॅबला धरून. स्लॅबच्या खालचं थोरल्याचं, वरचं धाकट्याचं. जिना दोघांचा, म्हणून जिन्यातला दिवा गेला की कुणीच बदलत नव्हतं. येणारे-जाणारे चाचपडत चढायचे.

वरच्या मजल्याचा पाईप खालच्या मागच्या पडवीतून उतरायचा. आणि त्याच पडवीत सारजाबाईची चूल. सारजाबाई म्हणजे आबासाहेबाची बायको. ज्वारीच्या कडक भाकरी करायची, पापडासारख्या पातळ. आधी तव्यावर, मग आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, उभ्या लावून वाळवायच्या. तिच्या भाकरी पुण्यापर्यंत जायच्या. घर चाललं होतं ते बरंचसं तिच्या हातांवर, आणि हे तिला माहीत होतं.

जुना बिडाचा पाईप तडकला तेव्हा हुसेनसाबला बोलावणं आलं. आम्ही पोहोचलो तर भावांचं भांडण आधीच पेटलेलं. आबासाहेबाचं म्हणणं, वडिलांनी बीड घातलं, ते इतकी वर्षं टिकलं, पुन्हा बीडच. युवराज म्हणत होता की दादा अजून मागच्या जमान्यात राहतो, सगळं जग प्लास्टिक घालतंय. हुसेनसाबनं दोघांना समजावलं की दोन्हीपैकी काहीही घाला, पण वरपासून खालपर्यंत एकच घाला. ऐकलं कुणी? शेवटी पाईपाचीही वाटणी झाली. स्लॅबच्या वर प्लास्टिक, स्लॅबच्या खाली बीड. ज्याचं त्यानं आणायचं.

हुसेनसाबनं विचारलं, "आन् मधला सांधा कुणाचा?"

आबासाहेबानं वर बघितलं, युवराजानं खाली बघितलं.

बीड आणि प्लास्टिक एकमेकांत बसवायचं तर मधे रबराचं जाड कपलिंग लागतं. ते कुणी आणेना. वाद ऐकून ऐकून हुसेनसाबचे कान पिकले. त्यानं सुतळी कोंबली, वर सिमेंट लिंपलं आणि सांगितलं की हे तात्पुरतं आहे, दोघं मिळून कपलिंग आणा, मी येऊन बसवीन.

जुना पाईप मात्र मी मनासारखा फोडला. काय घाव बसले! भिंत हादरली, प्लास्टर ढासळलं, वरच्या मजल्यावरची भांडी वाजली. सारजाबाई आत पळाली नाही. तिनं भाकरींवर चादर टाकली आणि तिथंच उभी राहून शेवटचा तुकडा पडेपर्यंत बघत राहिली. जमिनीखालचा चिनी मातीचा तुकडा तेवढा राहिला, कारण जमीन कोणाच्या वाट्याला यावरही वाद होता. तो मिटला की येतो म्हणून हुसेनसाबनं मला पडवीतच भिंतीला टेकवून ठेवलं आणि दुसऱ्या कामाला गेला.

तिथून मी सगळं बघितलं.

सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. वरचं प्लास्टिक दुपारी फुगायचं, पहाटे आखडायचं. बीड जागचं हलत नव्हतं. या ओढाताणीत सिमेंटला केसासारखी चीर पडली. आधी ओल आली, मग थेंब. सारजाबाईनं चूल सरकवली, थेंबाखाली घमेलं ठेवलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला की गळतंय ते वरचं पाणी. दिराला सांगितलं तर तो म्हणाला की गळतंय ते खालच्या पाईपापाशी. ती एकदा दोघांना समोर उभं करून बोलली.

"ह्या भाकरीवर घाणीचा एक थेंब पडला आन् गल्लीत कळलं, तर माज्या हातचं कुणी तोंडात घालायचं न्हाय. मग खावा तुमचं बीड आन् तुमचं प्लास्टिक."

दोघांनी ऐकून घेतलं. कपलिंग आलं नाही.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं तो सणच. आणि नवं पाणी आलं की साठवलेलं जुनं पाणी कुणी ठेवत नाही. ते शिळं. पिंपं, हंडे, घागरी, सगळं एकदम मोरीत ओतायचं आणि ताजं भरून घ्यायचं. पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायकाही हे शिळं पाणी बिनदिक्कत फेकतात, मला याचं नेहमी हसू येतं. त्या दिवशी हसू आलं नाही.

सकाळी नळ आला. वर युवराजाची बायको पायल पिंप आडवं करून मोकळं करत होती. खाली सारजाबाईनं एका लग्नाच्या भाकरी रचून ठेवल्या होत्या, पहाटेपासूनची मेहनत. न्यायला केराबाई आली होती, वधूची मावशी, सगळ्या गल्लीशी ओळख असलेली बाई. वरून पाण्याचा लोंढा आला. प्लास्टिकचा पाईप सांध्यातून सटकला आणि संडास-मोरीची सगळी घाण त्या भाकरींवर कोसळली. चूल फसकन विझली. सारजाबाईच्या केसांतून काळं पाणी गळत होतं. केराबाईनं ते सगळं बघितलं, तोंडावर पदर धरला आणि निघून गेली. सारजाबाई तिच्या पाठीकडे बघत राहिली. इतके घाव घातलेत मी, पण तसा चेहरा कुठल्या घावानं झालेला बघितला नव्हता.

आबासाहेब आरडाओरडा करत आला, युवराज जिना उतरून. आधी आई-बापावरून शिव्या निघाल्या, मग कॉलर धरली. युवराजानं थोरल्याला ढकललं, तो मागं चुलीवर पडला आणि त्याचा तळवा अजून तापलेल्या तव्यावर टेकला. चर्र झालं. तो उठला तो गुरासारखा. त्यानं युवराजाच्या तोंडावर अशी बुक्की मारली की दात ओठातून बाहेर आला. रक्त त्या घाणीत पडलं आणि दोघं त्यात घसरत, एकमेकांची डोकी भिंतीवर आपटत राहिले. पायल जिन्यात उभी राहून रडत होती.

मग आबासाहेबाचा हात माझ्यावर पडला.

दांड्याला हात लागला की मला कळतं, समोर काय आहे. समोर पाईप नव्हता. युवराजानं डोकं वाचवायला हात वर केला आणि मी त्या हातावर पडलो. माती, सिमेंट, बीड, सगळ्यांचे आवाज मला पाठ आहेत. हाडाचा मी पहिल्यांदा ऐकला. फार बारीक होता. फोडायला आवडतं असं मी मघाशी म्हणालो, ते त्या क्षणी नको झालं. मी घाबरलो होतो. आणि घणाला थांबता येत नाही, त्याला कुणीतरी थांबवावं लागतं.

आबासाहेबानं मला पुन्हा उचललं, या वेळी डोक्याच्या नेमावर. तेवढ्यात मागून सारजाबाईनं माझा दांडा धरला. पीठ मळलेले हात, पण काय पकड! तिनं मला हिसकावून घेतलं. आबासाहेब वळला, तिला बघितलं आणि एक पाऊल मागं सरला. त्याला वाटलं, आता घाव आपल्यावर. मलाही तेच वाटलं.

तिनं मला बिडाच्या नव्या कोऱ्या पाईपावर घातलं. रोज भाकरी थापणारे दंड ते. पहिला घाव, दुसरा, तिसरा. पाईप उभा चिरला, कपच्या उडाल्या, एक तिच्या गालावरून गेली. ती थांबली नाही. खाली बीड जमिनीवर आलं तशी ती वर लोंबणाऱ्या प्लास्टिकवर तुटून पडली. तेही फुटलं आणि त्यात अडकलेली उरलीसुरली घाण धो धो खाली आली. दोघं भाऊ घोट्यापर्यंत त्यात उभे होते, एक तुटलेला हात छातीशी धरून, दुसरा भाजलेला.

तिनं मला खाली टाकलं.

"घ्या आता वाटून," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ह्यातली कुठली घाण कुणाची, बसा निवडत."

दवाखान्यात युवराजानं सांगितलं की अंधाऱ्या जिन्यावरून पडलो. आबासाहेब शेजारी उभा होता, त्यानं मान खाली घातली. हुसेनसाब आला तेव्हा सारजाबाईनं पाईप कशाचा ते विचारलंसुद्धा नाही. गच्चीपासून गल्लीपर्यंत एकच घाला, एवढंच म्हणाली. त्यानं प्लास्टिक घातलं. जमिनीखालचा चिनी मातीचा तुकडा फोडायला मी होतोच. त्या वेळी जमीन कुणाची असं कुणी विचारलं नाही.

भाकरीचं मात्र सारजाबाई म्हणाली तसंच झालं. केराबाईनं गल्लीला सांगितलं, गल्लीनं बाजाराला. न्यायला येणारं माणूस बंद झालं. तिनं पडवी धुतली, शेणानं सारवली, चूल नव्यानं घातली, पण वाळत लागायच्या त्या घरापुरत्या चार भाकरी.

आमचं काम संपलं त्या दिवशी युवराज खाली आला. हाताला प्लास्टर. चुलीपुढं बसला आणि म्हणाला, "वहिनी, भाकरी दे की." तिनं ताटात भाकरी ठेवली. पण कडक भाकरी मोडायला दोन हात लागतात. तो एका हातानं खटपट करत होता, भाकरी ताटात नुसती सरकत होती. आबासाहेब समोर बसला होता. मग त्यानं ते ताट आपल्याकडे ओढलं, फडकं बांधलेला हातही लावून दोन्ही हातांनी भाकरी मोडली, आमटीत चुरली आणि ताट परत भावापुढं सरकवलं. सारजाबाईनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

हुसेनसाबनं माझा दांडा फडक्यानं पुसला. त्यात पीठ रुतलं होतं, रक्तही होतं. आता मी त्याच्या गाडीला आडवा बांधलेला असतो, उद्या माळशिरसकडे कुठल्याशा घराचा सिमेंटचा पाईप फोडायचा आहे. कधी तुमच्याही दारात येईन. तेव्हा फोडायचं ते फोडून घ्या, पण काम उरलं म्हणून मला घरात टेकवून ठेवू नका. दिवस मावळायच्या आत बाहेर काढा.