दार उघडून काढलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुनी ऊबपेटी आहे. लोक मला इन्क्युबेटर म्हणतात. कोंबडीची पिल्लं काढते ती वेगळी. माझ्या पोटात माणसाच्या पेशी वाढायच्या. आता कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात मोडक्या खुर्चीशेजारी उभी आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

मला आणलं डॉ. पूर्णिमाबाईंनी. कसबा बावड्याहून स्कूटरवर यायच्या आणि पर्स खाली ठेवायच्या आधी माझं तापमान बघायच्या, पोराच्या कपाळाला हात लावावा तसं. हृदयाच्या ऑपरेशनात उरलेले रक्तवाहिनीचे तुकडे आणून त्यातल्या स्नायूपेशी त्या माझ्याजवळ वाढवत. या पेशी रक्तवाहिनी आवळतात, सैल सोडतात. पण वाहिनीच्या भिंतीला इजा झाली, की काही जणी आपलं काम टाकून आत सरकतात, भराभर वाढतात आणि रक्ताची वाट अडते.

म्हणून विभागप्रमुख विजयसिंह सर म्हणत, मारा त्यांना. बाई म्हणत, थांबा. त्यातल्याच काही आत साठलेल्या चरबीवर गिलावा धरून बसतात. तो फुटला तर माणूस जागेवर जातो.

"मॅडम, चोरालाच राखणदार नेमायचं म्हणताय की काय?" सर सगळ्यांदेखत विचारत. लोक हसत. बाई हसत नसत. उत्तर माझ्या पोटात वाढत होतं. गिलावा धरणाऱ्या पेशी दसऱ्यानंतर काम तपासायला येणाऱ्या समितीला दाखवायच्या होत्या. नाही पटलं तर बाईंची खोली सरांकडे जाणार होती.

खंडेनवमीला बाई दरवर्षी माझ्या दारावर बाहेरून कुंकवाचं बोट लावायच्या. त्या वर्षीही लावलं, दार उघडू नका म्हणून बजावलं आणि ऑपरेशन थिएटरकडे गेल्या. मग सर फोटोवाल्याला घेऊन आले. बंद दाराचा कसला फोटो, म्हणाले आणि माझं दार उघडलं. झाडलोट करणाऱ्या तानाबाईलाही ते पटलं. तिची माया वेडी.

"भायेरच्या पत्र्याला कुंकू, आन् आत जीव हाय त्याला न्हाय व्हय?" असं म्हणत तिनं झेंडूची फुलं थेट पेशींच्या बशांवर ठेवली. उदबत्ती फिरली. पहिल्या फोटोत सरांचे डोळे मिटले, म्हणून दुसरा काढला. तोवर दार उघडंच. मग फुलं उचलली, दार लावलं आणि सगळे पेढे खायला गेले.

सुट्टीनंतर बाईंनी बशा काढल्या. सगळ्यांवर करडी बुरशी. तानाबाईनं रडत घडलं ते सांगितलं. सर म्हणाले, पूजेनं कधी कुणाचं वाईट झालंय?

बाईंचा आवाज चढला नाही. "फोटो चांगला आलाय, सर. समितीला तोच दाखवा. शेवटच्या जिवंत पेशी त्यातच आहेत."

समिती रिकाम्या बशा बघून गेली. खोली सरांची झाली, मी व्हरांड्यात आले. सर आता बाईंना नमस्कार करत नाहीत आणि बाई त्याची वाट बघत नाहीत. दुसऱ्या विभागाच्या पेटीत एक कप्पा मागून त्यांनी पुन्हा पेशी लावल्यात. चोर की राखणदार, ते अजून ठरायचंय.

यंदाच्या खंडेनवमीला सरांनी मला भलामोठा हार घातला. वायर कापलेल्या पेटीला. फोटोही काढला. ते गेल्यावर तानाबाई आली. तिनं हार बाजूला सारला आणि माझं लोंबतं दार गुडघ्यानं दाबून बसवलं.

मित्रांनो, ज्याच्यावर माया आहे, त्याला काय सोसतं ते आधी जाणून घ्या. हार नाही घातला तरी चालेल. दार तेवढं लावा.