थोरल्या भावाची जागा

चाकणजवळच्या त्या गावात रविवारची सकाळ नेहमीसारखीच उजाडली होती. ठकुबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. शेजारी त्यांचा थोरला मुलगा गोरक्ष चहा पीत होता. कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता, कारण एका हातात तो हिंदकळायचा. दारू बंद करून त्याला अकरा दिवस झाले होते.

कंपनीतून सुटल्यावर दोस्तांबरोबर सुरू झालेल्या दारूने त्याचं यकृत पोखरलं होतं. "आता एक पेला घेतलात तरी जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्याच दवाखान्याच्या भिंतीवर त्याच्या बायकोला, सृष्टीला, हाताने लिहिलेला कागद दिसला होता. 'दारू सोडायची आहे? दर गुरुवारी संध्याकाळी सहा, संत तुकाराम नगर, शाळेची खोली नंबर चार.' खालच्या नंबरवर तिने आज फोन लावला.

"मी उद्धवराव. मीसुद्धा दारुडाच आहे, ताई," पलीकडचा माणूस म्हणाला. "चौदा वर्षं थेंब घेतला नाही. त्यांना फोन द्या."

गोरक्ष कोपऱ्यात जाऊन बराच वेळ बोलला. परतला तेव्हा डोळे पुसत होता.

"सृष्टी, मी न सांगताच त्याला माझं सगळं ठाऊक होतं गं. गुरुवारी जायचं."

ठकुबाईंचा हात थांबला. "गुरुवारी? गुरुवारी काळेवाडीचं पाव्हणं यायचंत. दिग्विजयची सुपारी फुटायची हाय. बाप न्हाई त्याला, थोरल्या भावानं नगं बसाया?"

"आत्या, यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"एका गुरुवारानं काय व्हतंय? म्होरल्या गुरुवारी जा. थोरला कुठंय म्हणून इचारलं तर काय सांगू? दारुड्यांच्या मेळ्याला गेलाय?"

आपल्याकडे दारूवर दोनच औषधं आहेत, एक गप्प बसणं आणि दुसरं लग्न. सहा वर्षांपूर्वी सृष्टीच्या वडिलांपासून गोरक्षची दारू अशीच लपवली होती. लग्न झालं की सुधारेल, असं सारी भावकी म्हणाली होती. आता धाकटा दिग्विजयही आठवड्यातून तीनदा झोकांड्या खात घरी यायचा आणि त्याच्यासाठी तेच औषध निघालं होतं.

गोरक्ष हळूच म्हणाला, "बरं. म्होरल्या गुरुवारी."

गुरुवारी सुपारी फुटली. पेढे वाटले गेले. मग रीतीप्रमाणे पुरुषमंडळी मागच्या शेडमध्ये बसली. चुलते अर्जुनराव पेले भरत होते.

"मला नको, काका," गोरक्ष म्हणाला.

अर्जुनराव कानाशी वाकले. "घोटभर घे रं. मुलीचा मामा कवाधरनं तुझ्याकडंच बघतोय. थोरला भाऊ घेईना म्हंजे काय तरी दुखणं हाय, असं म्हंतील. भावाचं लगीन मोडायचंय का?"

घरात सृष्टीच्या हातातला फोन वाजला. सहा वाजून गेले होते. उद्धवराव विचारत होते, "ताई, कुठवर आलात? खुर्ची धरून ठेवलीय."

आणि शेडमध्ये गोरक्षने पेला उचलला. आपण दारुडे आहोत हे पाहुण्यांना कळू नये, म्हणून तो दारू प्यायला. पहिल्या पेल्यानंतर कोणाला आग्रह करावा लागला नाही.

शनिवारी त्याला रक्ताची उलटी झाली. रविवारी तो गेला. भेटायला येणाऱ्यांना ठकुबाई सांगत होत्या, "कावीळ झाली व्हती."

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर अर्जुनराव म्हणाले, "वर्साच्या आत दिग्विजयचं लगीन उरकून टाकू. बायको आली की सुधारंल त्यो."

भिंतीशी बसलेली सृष्टी उठली. आतून सुपारीत काळेवाडीकडून आलेला नारळ घेऊन आली आणि चपला घालू लागली.

"कुठं निगालीस?" ठकुबाईंनी विचारलं.

"काळेवाडीला. त्या पोरीला, स्वरूपाला, खरं सांगणार आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं, आत्या."

अर्जुनराव ताडकन उठले. "घराची अब्रू वेशीला टांगतीस व्हय?"

सारं घर ठकुबाईंकडे बघू लागलं. त्या कष्टाने उठल्या आणि सुनेच्या हातातला नारळ त्यांनी स्वतःच्या ओटीत घेतला.

"तुझं कोण ऐकंल, सृष्टे? नवरा मेल्याली बाई, सूड उगवतीया म्हंतील. आईनं सांगितलं तर ऐकतील." मग त्या दिराकडे वळल्या. "अब्रू जपली भावजी. त्यापायी पोरगं गेलं माजं."

काळेवाडीत त्यांनी सारं खरं सांगितलं आणि नारळ परत केला. स्वरूपाची आई आधी चिडली, मग रडली. निघताना स्वरूपा वाकून ठकुबाईंच्या पाया पडली.

पुढच्या गुरुवारी सासू-सून शाळेच्या खोली नंबर चारमध्ये शिरल्या. दिग्विजय आईच्या हट्टापायी फाटकापर्यंत आला होता. आत यायला त्याने साफ नकार दिला आणि तो बाहेरच्या झाडाखाली मोबाइल बघत उभा राहिला.

मुलांच्या बाकांच्या मध्ये गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या. एकेक जण उठून आपलं नाव सांगत होता. ठकुबाईंची पाळी आली. साऱ्या आयुष्यात चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. पदर सावरत त्या उभ्या राहिल्या.

"म्या ठकुबाई. दोन पोरं व्हती. एकाला म्या लपवून लपवून मारलं." त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "दुसरं त्या झाडाखाली उभं हाय. त्याला आत कसं आणायचं, तेवढं सांगा."

उद्धवराव उठले आणि फाटकाकडे चालू लागले.