ओदिलियाचा हिवाळा

एव्हेलिओची बायको ओदिलिया वारून चार महिने झाले होते. पहाटेची बस धरून तो राजधानीत आला तो तिचं एक पत्र बघायला. गावच्या पाणी समितीचं काम तिनं एकवीस वर्षं केलं. झऱ्यांच्या रक्षणाचा नवा कायदा येतोय असं कळल्यावर आजारपणातही तिनं संसदेला लिहिलं होतं. ते कुणी वाचलं का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

संसदेच्या कागदपत्र विभागातल्या यामिलेत नावाच्या मुलीनं विधेयकाची जाडजूड फाइल पुढ्यात ठेवली. "पान दोनशे अकरा, काका."

तिचंच अक्षर. शेवटच्या ओळी खाली घसरत गेलेल्या. 'झऱ्यापासून शंभर मीटर मोजाल तेव्हा हिवाळ्यातल्या तोंडापासून मोजा.' त्यानं ते दोनदा वाचलं.

"ह्याचं पुढं काय झालं?"

"नव्या मसुद्यात असेल. पण त्याच्यावर अजून पानांचे आकडे पडले नाहीत. त्याशिवाय दाखवता येत नाही."

"कधी पडतील?"

"मतदान झाल्यावर. दुपारी आहे."

"म्हणजे जेवणं उरकल्यावर मला रिकामं पातेलं दाखवणार?"

यामिलेत हसली, मग जरा ओशाळली. "कागद सकाळीच आलाय. आकडे राहिले ते माझ्या आळसानं." तिनं शिक्का काढला, पानामागून पान ठोकलं आणि मसुदा त्याच्याकडे सरकवला.

चौदावं कलम झऱ्याभोवती शंभर मीटर खणायला बंदी घालणारं; त्यात ओदिलियाचं वाक्य होतं. एव्हेलिओला भरून आलं. मग पुढचे शब्द दिसले: 'हिवाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी.'

"अहो, हे कुणी लिहिलं?"

"सल्लागार साहेबांनी. बर्फाच्या देशात शिकून आलेत."

"डिसेंबरात आपल्याकडं धूळ उडते! पाऊस असतो त्याला आपण हिवाळा म्हणतो, मे ते नोव्हेंबर. तेव्हा झरा वर खडकाशी फुटतो. कोरड्या दिवसांत दीडशे मीटर खाली. खालून मोजलं तर खडक उघडाच राहिला, कुणीही खणेल."

"माझी आजीपण हिवाळाच म्हणायची." यामिलेतनं कोरा कागद पुढं केला. "लिहा हेच."

"लिहायचं काम तिचं. मी पाइप जोडायचो."

"मग पाइप जोडल्यासारखं लिहा."

त्यानं चार ओळी लिहिल्या. "हा तिच्या कागदाशेजारी लावाल?"

"नाही काका. आले त्या क्रमानंच लागतात." आकडा पडला तीनशे अठ्ठ्याऐंशी.

कागद घेऊन ती समितीच्या खोलीत गेली. एव्हेलिओ बाकावर बसून राहिला. केळीच्या पानात बांधून आणलेल्या भाताची पुडी त्यानं उघडली नाही.

मतदान झाल्यावर ती समितीच्या प्रतीतलं, मंजूर झालेल्या चौदाव्या कलमाचं पान घेऊन आली; त्यावर अजून आकडा नव्हता. डिसेंबर ते फेब्रुवारी खोडलं होतं. वर शाईनं 'मे ते नोव्हेंबर', आणि समासात: 'पाहा, पाने २११ व ३८८.'

"बघा, दोघं आलात की नाही शेजारी?"

एव्हेलिओनं पान हातात घेऊन समासातली ओळ वाचली. मग तिच्याकडे परत दिलं.

"आधी ह्याच्यावर आकडा मारा," तो म्हणाला.