सीताचे सहा नंबरचे बूट

सीताची विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात निवड झाली. गुणाकर सरांनी मात्र हे वाचलंच नाही असं ठरवलं होतं. पत्र उलटं करून त्यावर त्यांनी बूट आडवे ठेवले होते आणि ते बुटांच्या तळव्यांकडे बघत होते. पांढरे, सहा नंबर, तीन वर्षांत मातीचा कण नाही... कसा असेल? सीताला पाय नव्हते. पाय नव्हते म्हणजे — सीताच नव्हती.

पोरी अकराच मिळाल्या होत्या, आणि बारा नावांशिवाय कॉलेजच्या संघाला ना किट ना भत्ता. बैहर, बिरसा, आसपासच्या सगळ्या गावांत विचारून झाल्यावर सरांनी बारावं नाव आपल्या मनानं लिहिलं, रकाना भरावा म्हणून — जसं सहायक प्रशिक्षकाच्या रकान्यात स्वतःचंच लिहिलं होतं, आणि व्यवस्थापकाच्याही. सीताच्या भत्त्यातून रिंगची जाळी आली. तिच्या वाट्याचं केळं पोरी आळीपाळीनं खात. एवढ्यावर ती सुखानं नसलेली राहिली असती. पण सामन्याच्या गुणपत्रकावर तिच्यापुढे शून्य, शून्य, शून्य — कुणी विचारलं तर? मग संघातल्या श्रियाच्या चाळीस गुणांमधले दहा त्यांनी सीताला दिले. एकटीचे चाळीस तसेही कुणाला खरे वाटले नसते. पुढं बारा, अठरा... सीता सुधारत होती. शेवटच्या सामन्यात तर तिनं श्रियाला मागं टाकलं, आणि सरांना — लाज वाटायला हवी होती — अभिमान वाटला. यंदा निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर लग्नाचा मांडव घातलेला होता, म्हणून विद्यापीठानं कागद बघूनच कॉलेजची एक पोरगी निवडली.

महागू शिपाई दारात आला. "सर, ह्या सीताबाई कोन होत? प्राचार्य साहेब सत्काराचा हार आणाले सांगून राह्यले."

"हलकाच आण," सर म्हणाले.

त्याच्यामागून श्रिया आली. "सर, लिस्ट आली म्हन्ते. सोमवारी वनरक्षकाचा फॉर्म बंद होऊन राह्यला, विद्यापीठाचं खेळाचं सर्टिफिकेट लागते. माह्यं नाव हाय ना?"

"नाव... सीताचं आहे."

"आपली सीता? जिचं केळं मी खात होतो थे?" ती हसली, मग हसायची थांबली. "तिनं कवा बास्केट टाकली, सर?"

"हट्टा गावच्या सामन्यात," सरांनी स्वतःलाच बोलताना ऐकलं.

"थे तर मी टाकली होती."

"हौ."

आपल्या फाटक्या बुटांतून पाय काढून श्रियानं टेबलावरचे बूट चढवले — बरोबर बसले — आणि ती निघून गेली. टेबलावर पत्र उघडं पडलं.

खरं कळवावं तर संघच बाद, अकरा जणींची तीन वर्षं बाद, श्रियाचीही. न कळवावं तर श्रिया... सीता वारली असं लिहावं? पण त्याला मृत्यूचा दाखला लागणार, त्याच्या आधी जन्माचा. आणि बिचारीचं आत्ता कुठं सुरू झालेलं — बिचारी? कोण बिचारी?

खाली मैदानात चेंडू जाळीतून सर्रकन पडला. सीताच्या जाळीतून. दोन. चार. सहा... सर मोजत राहिले, आणि हे गुण कुणाच्या नावापुढं मांडायचे ते त्यांना पहिल्यांदाच कळेना. त्यांनी विद्यापीठाला लिहायला कोरा कागद ओढला, आधी खाली तिन्ही सह्या केल्या — प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक, व्यवस्थापक — आणि मग वर लिहिलं:

"विषय: जन्मापर्यंत रजा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय विनंती की, कु. सीता ही अद्याप जन्मलेली नसल्याने तिला जन्मापर्यंत रजा मंजूर व्हावी, आणि तोवर तिचे सर्व गुण सांभाळण्यासाठी कु. श्रिया हिच्या ताब्यात द्यावेत."