बिनफोडणीचं वरण

"आधी कायदा दावा, सिस्टर. सक्ती हाय का?"

मुरुडच्या बाजारात गुरुलिंगचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागेच घर. त्याच्या तान्ह्या मुलीला गोवराची लस द्यायला सुकन्या सिस्टर पुन्हा आली होती.

"सक्ती न्हाई. लेकरू तुमचं, मर्जी तुमची," ती म्हणाली.

गुरुलिंग हिरमुसला. कंबर कसून भांडायला बसावं आणि समोरच्यानं आपलंच म्हणणं कबूल करावं, यासारखी पंचाईत नाही.

"मंग सारक्या कशाला येता?"

"गोवर आला तरी बी मलाच यावं लागतंय. पन एक सांगा. बाकीच्या समद्या सुया घेतल्या तुमी. मंग हीच का नगं?"

नसत्या चौकशा करायची सुकन्याला खोडच होती. गुरुलिंगनं आतल्या दाराकडे पाहिलं. मुलीला कडेवर घेऊन उभी असलेली त्याची बायको महादेवी, तिनंही तिकडेच पाहिलं. म्हणजे नकार या दोघांचा नव्हताच.

आत त्याची आई कमलम्मा डाळ निवडत बसली होती. सुकन्या तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"अव्वा, सुईचं भ्या वाटतंय का?"

"भ्या कशाचं? गोवर म्हंजी देवी, माय. पाहुणी म्हणून येती. दाराला लिंब बांधायचा, फोडणी घालायची न्हाई, तिची ओटी भरायची. पाहुणीच्या तोंडावर दार लावावं का?"

"तुमच्याकडं आलती कधी?"

म्हातारीचा हात सुपातच थांबला.

"आलती की. शिवलीलाला घेऊन गेली. माझी थोरली. म्या समदं पाळलं हुतं, माय. समदं." मग तिनं हळूच विचारलं, "ह्या सुईनं ऱ्हायली आसती का गं ती?"

नकार कुठून येतो ते सुकन्याला आता कळलं आणि स्वतःच्या खोडीचा रागही आला. लेक देवीनं नेली, एवढ्या एका आधारावर ही बाई जगली होती. लस चांगली म्हणावं, तर तो आधार जात होता. पण खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"ऱ्हायली आसती, बहुतेक. पन तवा तुमच्या दारात सुई आणली हुती का कुनी?"

"कोन आणतंय?"

"आणली आसती, तर न्हाई म्हणला आसता?"

कमलम्मानं डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"न्हाई कशी म्हणीन," ती म्हणाली आणि तिनं सूप बाजूला सारलं. "महादेवी, आण तिला हिकडं."

पोरीनं घर डोक्यावर घेतलं. कमलम्मानं तो इवलासा दंड घट्ट धरून ठेवला.

लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, म्हणून सिस्टरला जेवायचा आग्रह झाला. महादेवीनं वरणासाठी तेल तापत ठेवलं.

"फोडणी नगं आज," कमलम्मा म्हणाली.

महादेवी दचकली. "देवी कोपंल म्हणून का, अव्वा?"

"न्हाई. शिवलीलासाठी. सुतकात कुनी फोडणी घालतं का?"

महादेवीनं तेल खाली उतरवलं. सगळ्यांनी भातावर साधं पिवळं वरण घेतलं. कुणी मीठही मागितलं नाही. मांडीवर हुंदके देणाऱ्या नातीला कमलम्मा त्यातलाच मऊ भात भरवत होती.