तिनास एक

मी विनता. जबलपूरच्या एका कला महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते. म्हणजे शिकायला कोणी आलं तर. गेल्या वर्षी विभागात तीनच मुलं उरली. तिघांचं हजेरीपटाशी बरं जमे, वर्गाशी मुळीच नाही. ते तिघं बाहेर पडले की विभाग बंद करायचा, असं पत्रही टाइप झालं होतं.

तेवढ्यात रँकिंग आलं. आमचं कॉलेज एकशे चाळीसवरून थेट एकशे बारावर. प्राचार्य उल्हास सर पेढे घेऊन माझ्याच टेबलाशी आले. कारण ऐकलं आणि मी पेढा परत खोक्यात ठेवला. तीन विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, या गुणोत्तराला म्हणे जादा गुण होते. आमच्या ओसाड वर्गाला अहवालात 'वैयक्तिक लक्ष' म्हटलं होतं. विभाग वाचला.

जुलैत जवळच्या पनागरहून, मटारच्या शेतांच्या गावाहून, दुर्वा प्रवेशाचा फॉर्म घेऊन आली. तिला तत्त्वज्ञानच हवं होतं. सरांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

"विनताजी, चांगला आकडा काहून बिघडवून राहिल्या? तिला भूगोलात पाठवा. तिथे ऐंशी आहेत, एकानं काय होते? चौथी घेतली तर विभागाचं मी काही सांगू शकत नाही, हं."

मी फॉर्म परत मागितला नाही. नोकरी मलाही हवी होती, आणि त्याची लाज अजून वाटते. दुर्वा मात्र रोज बस पकडून यायची, हजेरीपटात नाव नसताना माझ्या वर्गात बसायची. त्या तिघांची नावं होती, माणसं नव्हती, हिचं उलट.

सप्टेंबरात पाहणी समिती आली. तिघांना इस्त्रीचे शर्ट घालून बसवलं. दुर्वाच्या हातात सरांनी चहाचा ट्रे दिला, "कोणी विचारलं तर कँटीनची आहे म्हण."

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "जानकारी और ज्ञान में फर्क बताइए."

तिघं पंख्याकडे बघत राहिले. कपबशी ठेवता ठेवता दुर्वा म्हणाली, "सर, मटर के बोरे गिनना जानकारी है. फली फोड़के देखना कि अंदर दाना है या नहीं, वो ज्ञान."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आप कौन?"

दुर्वानं माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं, डोळे वटारून.

"माझी विद्यार्थिनी," मी म्हटलं. "चौथी."

समितीसमोरच फॉर्म ड्रॉवरमधून काढावा लागला. गुणोत्तर चारास एक झालं, आणि यंदा आम्ही एकशे अडतीसाव्या नंबरावर आहोत. 'शैक्षणिक गुणवत्ता घसरली', असं पेपरात छापून आलं. बंद करायचं पत्र पुन्हा टाइप झालं, पण दुर्वाची तीन वर्षं पुरी होईपर्यंत नियमानं ते पाठवता येत नाही. सर माझ्याशी बोलत नाहीत. फारच शांत वाटतं.

काल मी फळ्यावर एक युक्तिवाद मांडत होते. मागून आवाज आला, "मॅडम, ये तो गलत है."

बारा वर्षांत वर्गात माझं म्हणणं कोणी खोडलं नव्हतं. फार आनंद झाला. मी खडू दुर्वाच्या हातात दिला आणि तिच्या बाकावर जाऊन बसले.